गाडाशर्यतीचे स्मरणरंजन आणि श्रमाचे विस्मरण : खानदेशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांनी प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या निर्णयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींभोवती २०११ पासून चाललेला कायदेशीर वाद बऱ्याच अंशी मिटला. सांस्कृतिक वाद मात्र मिटला नाही. किंबहुना तो नीट मांडलाच गेला नाही. शर्यतीच्या समर्थनार्थ या बारा वर्षांत जे बोलले व लिहिले गेले, त्यात 'परंपरा', 'मातीचा खेळ', 'बळीराजाचे वैभव', 'पूर्वजांचा वारसा' ही पदे वारंवार येतात. ही स्मरणरंजनाची भाषा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही भाषा हा आहे. शर्यत असावी की नसावी, याचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. शर्यतीविषयी जे आठवले जाते ते काय, आणि आठवताना काय वगळले जाते, एवढाच प्रश्न येथे तपासला आहे.

या तपासणीसाठी खानदेश हा प्रदेश उपयुक्त ठरतो. पुणे जिल्ह्यातील घाटांइतकी किंवा विदर्भातील शंकरपटाइतकी कीर्ती खानदेशातील शर्यतींना लाभलेली नाही. तथापि बैल, गाडी आणि गाडीवान यांच्या श्रमावर ज्या प्रदेशाची कापूस व केळीची शेती उभी राहिली, तो हा प्रदेश आहे. शर्यतीच्या झगमगाटापासून थोड्या अंतरावर, पण बैलाच्या अगदी जवळ, असे हे ठिकाण असल्याने येथून चित्र अधिक स्पष्ट दिसते.

शर्यतीची रूपे

'बैलगाडा शर्यत' या एका नावाखाली महाराष्ट्रात निदान तीन भिन्न खेळ येतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांत शर्यत 'घाटा'त होते. घाट म्हणजे चढाची, सरळ धावपट्टी. गाड्याला चार बैल जुंपलेले असतात, गाड्यावर गाडीवान बसत नाही, पुढे घोडी धावते, आणि एका वेळी एकच 'बारी' सुटते. विजेता ठरतो तो सेकंदांच्या हिशेबाने. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत हलकी छकडी, दोन बैल व हाकणारा अशी रचना असून गाड्या एकमेकींविरुद्ध पळतात. विदर्भातील शंकरपटात हलक्या गाडीला बैलजोडी जुंपतात, धुरकरी ती हाकतो, आणि थोड्या अंतराच्या सरळ पटावर वेळ मोजली जाते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे महिलांनी जोड्या हाकण्याची प्रथाही रुजली आहे.

या भेदांचा उल्लेख केवळ माहितीसाठी केलेला नाही. घाट आणि पट या दोन्ही रूपांत एक गोष्ट समान आहे : अंतर अल्प, मार्ग सरळ, आणि निर्णय घड्याळाचा. बैलाचे शेतातील मूल्य त्याच्या दमात, चिवटपणात व आज्ञाधारकतेत असते. दिवसभर नांगर ओढणारा किंवा दहा-बारा मैल भरली गाडी नेणारा बैल हा शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तम बैल होय. घाटात आणि पटावर मात्र काही सेकंदांचा स्फोटक वेग तेवढा मोजला जातो. म्हणजे ज्या गुणासाठी बैल शतकानुशतके पाळला गेला, त्याहून वेगळा गुण येथे कसाला लागतो. समर्थकांची भाषा मात्र या दोन गुणांना एकच समजून चालते. शर्यतीचा बैल हा शेतकऱ्याच्या बैलाचा प्रतिनिधी मानला जातो आणि त्याच्या विजयात 'बळीराजा'चा विजय पाहिला जातो.

तुलनेसाठी एक उदाहरण

कामाचे वाहन खेळाचे होते, खेळ व्यावसायिक होतो आणि पुढे त्याचेच स्मरणरंजन होते, ही प्रक्रिया केवळ महाराष्ट्रातील नाही. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या स्वस्त मोटारी घेऊन त्यांत फेरफार करीत आणि रस्त्यांवर पळवीत. १९५० मध्ये सांता अ‍ॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरचा धोकादायक प्रकार नियमांच्या चौकटीत आणणे हा तिचा घोषित हेतू होता. पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ मार्ग आणि घड्याळ एवढीच त्या खेळाची मूळ सामग्री.

पुढील दोन दशकांत हा खेळ व्यावसायिक झाला. त्यासाठी खास बांधलेल्या गाड्या रस्त्यावर चालविण्याच्या कामाच्या उरल्या नाहीत. १९७० मध्ये लाँग बीच येथील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गाडीच्या यंत्रणेचा स्फोट होऊन डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या पायाचा काही भाग तुटला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी यशस्वी करून दाखविली आणि थोड्याच काळात इंजिन पुढे असलेल्या गाड्या मागे पडल्या. १९७२ च्या डिसेंबरात लायन्सची धावपट्टीही बंद झाली. स्मरणरंजनाला आवश्यक असलेल्या दोन्ही गोष्टी, हरवलेले यंत्र आणि हरवलेली जागा, अशा रीतीने सिद्ध झाल्या.

१९९२ पासून कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे जुन्या चालकांचे व गाड्यांचे संमेलन भरू लागले आणि 'नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसिंग' हा शर्यतीचा एक स्वतंत्र वर्गच मान्य झाला. या वर्गाच्या नावातच 'स्मरणरंजन' हा शब्द आहे. कोणत्या काळाच्या धर्तीची गाडी चालेल, कोणत्या रचनेची चालणार नाही, हे नियमांत लिहिलेले असते. सुरक्षेची साधने मात्र आजची लागतात. म्हणजे आपण जुना काळ पुन्हा रचीत आहोत, कोणता काळ रचीत आहोत, आणि त्यातील काय मुद्दाम टाळीत आहोत, हे तो खेळ उघडपणे सांगतो.

या स्मरणरंजनातही व्यापार आहे, भाबडेपणा आहे. तरी एक प्रामाणिकपणा त्यात आहे : ते आपली तारीख सांगते. महाराष्ट्रातील गाडाशर्यतीचे स्मरणरंजन नेमके येथेच कमी पडते. ते 'पूर्वापार' म्हणते. केव्हापासून, कोणत्या रूपात, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या श्रमाने, हे सांगत नाही.

बंदीने घडविलेली स्मृती

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने घरापासून दूर राहिलेल्यांच्या व्याधीसाठी घडविला. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) या ग्रंथात त्याचे दोन प्रकार कल्पिले आहेत. एक पुनःस्थापक, तो हरवलेले घर जसेच्या तसे उभारू पाहतो आणि स्वतःला स्मरणरंजन न म्हणता सत्य व परंपरा म्हणवतो. दुसरा चिंतनशील, तो हरवल्याच्या जाणिवेपाशीच थांबतो, त्यातील विसंगती पाहतो. बैलगाडा शर्यतीचे प्रचलित समर्थन पहिल्या प्रकारात मोडते. ते तसे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या इतिहासात आहे.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यती बेकायदेशीर ठरविल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली आणि काही दिवसांतच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मज्जाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाचा निर्णय आला.

बंदीपूर्वी शर्यत ही यात्रेतील अनेक गोष्टींपैकी एक होती. कुस्त्यांचा फड, तमाशा, पाळणे, रेवड्यांची दुकाने यांच्या पंक्तीत तिचे स्थान होते. तिला कोणी 'संस्कृती' म्हणून वेगळे काढण्याची गरज नव्हती. बंदीनंतर न्यायालयापुढे टिकेल असा युक्तिवाद हवा होता, आणि जो खेळ केवळ करमणूक म्हणून टिकणार नव्हता तो वारसा म्हणून टिकण्याची शक्यता होती. २०१४ च्या निकालाने सांस्कृतिक परंपरेचा दावा मान्य केला नव्हता. २०२३ च्या निकालाने असा निर्णय विधिमंडळावर सोपविला. दोन्ही निकालांत संस्कृतीच्या दाव्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यामुळे गावोगावची आठवण हळूहळू त्या दाव्याच्या साच्यात बसू लागली. आठवणीने पुराव्याचे काम पत्करले, आणि पुरावा म्हणून निरुपयोगी असलेला तिचा भाग गळून पडला.

गळून पडलेल्या भागात दोन गोष्टी प्रमुख आहेत. पहिली म्हणजे बैलांच्या ऱ्हासाची खरी कारणे. बंदीमुळे देशी गोवंश धोक्यात आला, असा युक्तिवाद सातत्याने केला गेला. पशुगणनेनुसार देशातील नर गोवंश २०१२ मध्ये सुमारे ६.७९ कोटी होता, तो २०१९ मध्ये सुमारे ४.७४ कोटींवर आला. घट मोठी आहे. पण ही देशभरातील घट आहे आणि तिचे प्रमुख कारण ट्रॅक्टर, लहान होत गेलेल्या जमिनी, चाऱ्याचा खर्च आणि मजुरीचे बदललेले गणित हे आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे थकलेला बैल विकून नवा घेण्याचे जुने चक्रही बदलले. शर्यतीसाठी लागणारे निवडक बैल काही जातिवंत वंशावळी टिकवितात, हे मान्य करता येते. तथापि शेतावरून गेलेला बैल धावपट्टीवरून परत येत नाही. खानदेशाच्या सातपुड्यालगतच्या भागात परिचित असलेली निमाडी जात टिकायची असेल, तर तिला शेतात काम मिळाले पाहिजे. शर्यत हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

गळून पडलेली दुसरी गोष्ट म्हणजे गावातील सत्तासंबंध. त्यांची साक्ष कायद्याच्या कागदपत्रांत मिळत नाही. ती कलाकृतींत मिळते.

मराठी कलाकृतींतील साक्ष

अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा चित्रपट लावण्यांसाठी व तमाशाच्या चित्रणासाठी आठवला जातो. त्याच्या कथेचा उगम बैलगाड्यांच्या शर्यतीत आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. गावच्या पाटलाला एका सामान्य शेतकऱ्याकडून शर्यतीत हार पत्करावी लागते आणि त्या हारेच्या अपमानातून पुढील अत्याचाराची व सूडाची साखळी निर्माण होते. येथे शर्यत हा निरागस ग्रामीण आनंद नाही. गावात कोणाचा बैल पुढे जावा, हा मानाचा म्हणजेच सत्तेचा प्रश्न आहे. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा जावा, यावरून जेथे मानपानाचे वाद होत, तेथे शर्यतीतील पहिला क्रमांक केवळ क्रीडेचा राहणे शक्यच नव्हते. शर्यत जेव्हा जिवंत प्रथा होती, त्या काळातील हा चित्रपट तिच्याविषयी आजच्या समर्थकांहून आणि विरोधकांहूनही अधिक वास्तव बोलतो.

आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी दुसऱ्या टोकाची साक्ष देते. तीत शर्यतीला महत्त्व नाही. शेतावरील जनावरे आहेत आणि नारबा हा गडी आहे. मालकाच्या शेतावर ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात आणि नारबाचा गोतावळाच नाहीसा होतो. या कादंबरीचे मर्म असे की बैलावर सर्वाधिक जीव असलेला माणूस बैलाचा मालक नाही. बैल ठेवायचा की विकायचा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. आणि बैल गेल्यावर जे दुःख उरते ते मात्र त्याचे आहे. आजच्या शर्यतीच्या स्मरणरंजनात मालकाचे नाव, बैलाचे नाव आणि गावाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. नारबाचे नाव पुकारले जात नाही.

तिसरी साक्ष खानदेशाची आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेत, जी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, बैल ठिकठिकाणी येतो : विहिरीवरच्या मोटेला, गाडीला, पेरणीला, पोळ्याला. 'पोया' या कवितेत सणाच्या सजावटीचे वर्णन असले तरी तिचा रोख शेतकऱ्यावरील बैलाच्या ऋणाकडे आहे. सण एक दिवसाचा, कष्ट वर्षाचे, हे भान तीत सतत जागे आहे. बहिणाबाईंचा बैल जिंकत नाही आणि हरतही नाही. तो काम करतो. सन्मानाचे कारणही तेच आहे. आजच्या शर्यतीच्या गौरवात या कारणाची जागा वेगाने घेतली आहे, आणि हा बदल बोलून दाखविला जात नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीचे उपशीर्षक या चर्चेला एक उपयुक्त संज्ञा देते. भूतकाळ हा अडगळीसारखा असतो. त्यात मौल्यवान व निरुपयोगी, अभिमानाचे व लाजिरवाणे सारे एकत्र पडलेले असते. पुनःस्थापक स्मरणरंजन या अडगळीतून एकच चकचकीत वस्तू उचलते आणि उरलेली खोली बंद करते. चिंतनशील स्मृती मात्र सगळी खोली पाहते.

खानदेशातील बैल : श्रम, गाडी आणि माणूस

ही सगळी खोली खानदेशात कशी दिसते? भुसावळ जंक्शन आणि आसपासची सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके केळी व कापसाच्या वाहतुकीने नावारूपास आली. शेतापासून स्थानकापर्यंतचा प्रवास बैलगाडीचा होता. आगगाडीचा वेग सर्वांना दिसे. त्या वेगाच्या अलीकडचा संथ पल्ला बैल व गाडीवान चालत. जिनिंगच्या दारात रात्रभर ओळीने उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांचे वैभव जितके खरे, तितकेच त्या गाड्यांखाली झोपणाऱ्या माणसांचे कष्टही खरे.

या कष्टाचे खानदेशी नाव 'सालदार' आहे. वर्षाच्या बोलीवर शेतावर राबणारा हा माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरविला जाई आणि पुढच्या आखाजीला मोकळा होई किंवा पुन्हा बांधला जाई. बैलाला पहाटे वैरण घालणे, पाणी दाखविणे, खांदा सुजला तर शेकणे, ही सर्व कामे त्याची. बैलाविषयीचे जे ज्ञान आज परंपरा म्हणून गौरविले जाते, ते प्रामुख्याने त्याच्या हातांत होते. सावदा, वरखेडी येथील गुरांच्या बाजारात दात पाहून बैल पारखणारा सोबतीही अनेकदा तोच. शर्यतीच्या स्मरणरंजनात 'शेतकरी' हा एकच शब्द मालक आणि सालदार या दोघांसाठी वापरला जातो आणि त्यांच्यातील अंतर त्या शब्दात नाहीसे होते.

खानदेशातील यात्रांत गाडीचे आणखी एक दर्शन घडते, ते 'बारागाड्यां'त. एकापुढे एक बांधलेल्या बारा गाड्या, त्यांवर बसलेली माणसे, आणि त्या ओढणारा भगत. येथे गाडी आहे, बैल नाही. भार आहे, घड्याळ नाही. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी प्रतीक म्हणून ही प्रथा लक्षणीय आहे. एरवी बैलाच्या मानेवर असणारा भार वर्षातून एकदा माणूस स्वतःवर घेतो. घाट व पट गाडी हलकी करतात. बारागाड्या ती जड करतात. बैलाच्या कामाची आठवण कोणत्या प्रथेत अधिक शिल्लक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला यंत्राचे स्मरणरंजनही अपरिचित नाही. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गांवरून वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या अखेरीस संपली. फलाटावरून ते इंजिन पाहणाऱ्याला धूर व शिट्टी आठवते. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला उष्णता आठवते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण केवळ पहिलीच्या आधारे वाफेच्या युगाचा इतिहास लिहिता येणार नाही. गाडाशर्यतीच्या बाबतीत आज फलाटावरची आठवण बोलते आहे.

समारोप

या विवेचनातून शर्यत बंद व्हावी असा निष्कर्ष निघत नाही, आणि ती पूर्वजांची अखंड परंपरा आहे म्हणून चालावी असाही निघत नाही. आजची गाडाशर्यत हा आधुनिक, खर्चिक व बऱ्याच अंशी व्यावसायिक खेळ आहे. त्यातील बैल शेतकामासाठी पोसलेला नसतो, बक्षिसे दुचाकी व ट्रॅक्टरपर्यंत पोहोचली आहेत, आणि ज्या यंत्राने बैलाला शेतातून बाहेर काढले तेच यंत्र बैलाच्या विजयाचे पारितोषिक ठरावे, यातील विसंगती कोणाला खटकत नाही. हा खेळ आपल्या वर्तमान नावाने, नियमांनी आणि प्राण्याच्या वेदनेविषयीच्या उत्तरदायित्वाने उभा राहिला, तर त्याची चर्चा सरळ होईल.

स्मृतीचे काम त्याहून वेगळे आहे. खानदेशापुरते बोलायचे तर सालदारीच्या बोली, गुरांचे बाजार, गाडी घडविणारे सुतार-लोहार, बैलांच्या औषधोपचाराचे शब्द, अहिराणी व लेवा बोलीतील बैलांची नावे यांची नोंद होणे निकडीचे आहे. ही माहिती ज्यांच्याजवळ आहे ती पिढी वृद्ध झाली असून तिला शोधण्यासाठी महाविद्यालयाच्या आवारापासून फार दूर जावे लागत नाही. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना मिळून करता येण्याजोगे हे क्षेत्रकार्य आहे. वेगाची आठवण सेकंदांत मोजता येते आणि तिच्यासाठी ध्वनिक्षेपक सज्ज आहेत. श्रमाच्या आठवणीसाठी वहीच लागेल.